गुडघे, खुबे आणि भाराचा हिशोब

‘गुडघ्यातला गॅप कमी झालाय’ एवढं ऐकून माणूस दवाखान्यातून बाहेर पडतो आणि दुसऱ्या दिवसापासून जिना बंद, फिरणं बंद, भाजी आणायलाही रिक्षा. तीन-चार महिन्यांत मांडी बारीक होते, वजन दोन-तीन किलोंनी वाढतं आणि गुडघा आधीपेक्षा जास्त दुखायला लागतो. घरात निष्कर्ष निघतो की झीज वाढली. तेवढ्या काळात झीज फारशी वाढलेली नसते. ताकद घटलेली असते आणि भार वाढलेला असतो. ऑस्टिओआर्थरायटिसबद्दल, म्हणजे सांध्यांच्या झिजेबद्दल, मला जे सांगायचंय ते बहुतेक या दोन गोष्टींभोवतीच फिरतं.

हाडांच्या टोकांवर कूर्चेचा गुळगुळीत थर असतो. तिला रक्तवाहिन्या नाहीत आणि मज्जातंतूही नाहीत. म्हणजे कूर्चा स्वतः दुखूच शकत नाही. दुखतं ते तिच्याखालचं हाड, सांध्याचं आतलं अस्तर, भोवतालचं आवरण आणि ताणलेले स्नायू. अस्तराला सूज आली की सांध्यात पाणी होतं आणि गुडघा जड, भरल्यासारखा वाटतो. रक्तपुरवठा नसल्यामुळे कूर्चेचं पोषण सांध्यातल्या द्रवातून होतं, आणि तो द्रव आत-बाहेर व्हायला सांध्यावर भार पडून सुटायला हवा. गुडघा जपायचा म्हणून पूर्ण बसून राहिलात, तर याच पोषणाला खीळ बसते.

एक्स-रेमध्ये यातलं फार थोडं दिसतं. हाडांमधलं अंतर, कडांना फुटलेले हाडाचे अंकुर, कूर्चेखालचं दाट झालेलं हाड, बस. १९५७ साली केलग्रेन आणि लॉरेन्स यांनी ठरवलेल्या ० ते ४ या ग्रेड अजून चालतात. पण ग्रेड आणि वेदना यांचं नातं सैल आहे. ग्रेड ४ असलेली माणसं बाजारहाट करताना दिसतात आणि ग्रेड २ वाला रात्रभर कण्हत असतो. शिवाय एक्स-रे उभं राहून काढलेला हवा. झोपवून काढलेल्या फिल्ममध्ये सांध्यावर वजन नसतं, त्यामुळे अंतर आहे त्यापेक्षा चांगलं दिसतं. रिपोर्टवर तसा उल्लेख नसेल तर विचारा.

खरं तर बऱ्याच जणांना एक्स-रेचीही गरज नसते. ब्रिटनच्या नाइस संस्थेची मार्गदर्शक सूचना सरळ आहे: वय ४५ किंवा जास्त, हालचालीने वाढणारं दुखणं आणि सकाळचा आखडलेपणा नसणं किंवा अर्ध्या तासाच्या आत जाणं, एवढं जुळलं आणि वेगळं काही संशयास्पद नसलं की निदान झालं. गुडघ्याचा एमआरआय तर बहुतेकदा नसती भीती घेऊन येतो. पन्नाशीनंतर काहीही न दुखणाऱ्या अनेकांच्या गुडघ्यातही मेनिस्कस, म्हणजे आतली अर्धगोल गादी, थोडीफार फाटलेली दिसते. ‘टिअर’ शब्द वाचला की माणूस थेट ऑपरेशनचा विचार करू लागतो.

मात्र प्रत्येक गुडघेदुखी ही झीज नसते. सकाळचा आखडलेपणा तासभर टिकत असेल, दोन्ही हातांच्या बोटांचे लहान सांधे सुजत असतील, तर आमवाताचा संशय घ्यावा आणि र्‍हुमॅटॉलॉजिस्टला, म्हणजे सांध्यांच्या सुजेच्या आजारांच्या डॉक्टरांना, दाखवावं. त्याची औषधं पूर्ण वेगळी आहेत आणि तिथे उशीर महागात पडतो. चिकुनगुनियानंतर महिनोन्‌महिने राहणारी सांधेदुखीही वेगळी. नुसतं युरिक अ‍ॅसिड वाढलेलं म्हणजे गाऊट, त्याचे खडे सांध्यात साचून होणारा आजार, नव्हे. गुडघा अचानक लाल, गरम, टम्म झाला आणि सोबत ताप असेल तर सांध्यात जंतुसंसर्ग असू शकतो. त्यात दुसऱ्या दिवसाची वाट पाहायची नाही, त्याच दिवशी हॉस्पिटल गाठायचं. पडल्यानंतर पाय टेकवता न येणं, गुडघा अडकून सरळच न होणं, एका पोटरीला सूज येऊन ती दुखणं, विश्रांतीतही न थांबणारं दुखणं आणि सोबत वजन घटणं, यातलं काही असेल तर घरी व्यायाम सुरू करण्याआधी तपासणी.

खुबा ओळखायला चुकतो

गुडघा दुखतो तेव्हा निदान गुडघ्यावर बोट ठेवता येतं. खुबा फसवतो. खुब्याच्या सांध्याचं दुखणं बहुतेकदा जांघेत किंवा मांडीच्या पुढच्या बाजूला येतं, कधी कधी थेट गुडघ्यात. गुडघ्याचा एक्स-रे चांगला, गुडघा दाबून दुखत नाही, तरी पेशंट गुडघ्यालाच हात लावतो, अशा वेळी खुबा तपासलाच पाहिजे. मांडी घालता न येणं, पायाची नखं कापता न येणं, मोजे किंवा पायजमा घालताना पाय वर न येणं या तक्रारी खुब्याकडे बोट दाखवतात. याउलट खुब्याच्या बाहेरच्या अंगाला, टणक हाडावर, कुशीवर झोपल्यावर दुखतं, ते बहुतेक तिथल्या कंडरांचं, म्हणजे स्नायू हाडाला जोडणाऱ्या पट्ट्यांचं, दुखणं असतं. कुल्ल्यातून निघून गुडघ्याखाली मुंग्यांसह उतरतं ते कमरेतून आलेलं असण्याची शक्यता जास्त.

घरी करता येण्यासारखी एक ढोबळ पाहणी आहे. उताणं झोपा. दुसऱ्या कुणीतरी दुखरा पाय खुब्यात आणि गुडघ्यात काटकोनात वाकवून धरावा आणि पाऊल हळूच बाहेरच्या बाजूला न्यावं. या हालचालीत मांडीचं हाड आतल्या बाजूला फिरतं. खुबा झिजला की हीच हालचाल सगळ्यात आधी कमी होते. दोन बाजूंत स्पष्ट फरक असेल किंवा जांघेत कळ येत असेल तर खुब्याचा एक्स-रे काढून घ्या.

तरुणांच्या बाबतीत एक गोष्ट ठासून सांगायला हवी. तीस-चाळिशीतल्या माणसाची जांघ दुखायला लागली आणि त्याने आधी स्टेरॉइड घेतलेलं असेल किंवा दारूचं प्रमाण जास्त असेल, तर हाडाच्या डोक्याचा रक्तपुरवठा तुटण्याचा आजार, म्हणजे एव्हीएन, मनात ठेवायला हवा. सुरुवातीला एक्स-रे अगदी साफ असतो, एमआरआयमध्येच दिसतो. गुडघ्याच्या एमआरआयवर मी वर जी टीका केली ती इथे लागू नाही. इथे तो लवकर काढलेला बरा.

भार किती पडतो

कृत्रिम गुडघ्याच्या आत सेन्सर बसवून मोजमापं झालेली आहेत. सपाटीवर चालताना गुडघ्यावर शरीराच्या वजनाच्या साधारण अडीच पट जोर येतो आणि जिना उतरताना तो साडेतीन पटीपर्यंत जातो. म्हणून जिना चढण्यापेक्षा उतरणं जास्त दुखतं. वजनाचा हिशोबही याच अंगाने बघायचा. २००५ मध्ये अमेरिकेतल्या मेसियर आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की एक किलो वजन घटलं की प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार साधारण चार किलोंनी कमी होतो. दिवसाला पाच हजार पावलं धरली तरी बेरीज कुठे जाते बघा. उद्दिष्ट म्हणून सध्याच्या वजनाच्या १० टक्के धरावं. ८० किलोंच्या माणसाने आठ किलो. पाच टक्क्यांनीही फरक जाणवायला लागतो.

आपल्या स्वयंपाकघरात वजन कुठून येतं याचं उत्तर बहुतेक घरांत तेलाच्या डब्यात सापडतं. माणशी महिना अर्धा लिटर, म्हणजे चौघांच्या घराला दोन लिटर, हे माप धरा आणि किराण्याच्या बिलावर प्रत्यक्ष किती लागतं ते बघा. उपासाने वजन उतरतं हा गैरसमज साबुदाण्याच्या खिचडीने टिकवून ठेवलाय. तिच्यात मुख्यतः स्टार्च, दाण्याचा कूट आणि तूप. दुसरीकडे वजन घटवताना प्रथिनं कमी पडली तर चरबीबरोबर स्नायूही जातो, आणि आपल्याला नेमका तोच हवाय. वजनाच्या दर किलोमागे रोज एक ग्रॅम प्रथिनं मिळायला हवीत. एका अंड्यात सुमारे सहा ग्रॅम, १०० ग्रॅम पनीरमध्ये १८ च्या आसपास. पातळ वरणाच्या वाटीत मात्र पाच-सहाच, त्यामुळे ‘रोज वरण खातो’ एवढ्याने भागत नाही. किडनीचा आजार असेल तर प्रमाण डॉक्टरांना विचारून.

आणि ते आंबट. दही-ताक, चिंच, लिंबू सोडलं की गुडघे बरे होतात, बटाटा-वांगं वातूळ म्हणून बंद, हे घरोघरी ऐकू येतं. ऑस्टिओआर्थरायटिसमध्ये याला आधार नाही. दही सोडून हातचं प्रथिन तेवढं जातं.

व्यायाम: मात्रा आणि चुका

व्यायाम म्हटलं की लोक चालायला लागतात. चालणं चांगलंच, पण चालण्याने मांडीची ताकद विशेष वाढत नाही. ताकदीचा व्यायाम वेगळा करावा लागतो, आठवड्यातून तीन दिवस, मध्ये एकेक दिवस सोडून. सोबत निदान सहा ते आठ आठवड्यांची चिकाटी. दहा दिवसांत ‘काही फरक नाही’ म्हणून सोडणारे सर्वाधिक.

सुरुवात खुर्चीतून उठण्या-बसण्याने करा. साधारण १७ इंच उंचीची, बिनहाताची असली तरी चालेल अशी भक्कम खुर्ची भिंतीला टेकवून ठेवा. पुढे सरकून बसा, पावलं खांद्याइतकी लांब, टाचा गुडघ्यांच्या किंचित मागे. नाक पायाच्या बोटांच्या वर येईल इतकं पुढे झुकून उठा. दोन आकड्यांत उठा, चार आकड्यांत बसा. इथेच सगळ्यांचं चुकतं: उठतात नीट आणि बसतात धपकन. स्नायू सर्वांत जास्त कमावला जातो तो सावकाश खाली जाताना. गुडघे एकमेकांकडे आत वळत असतील तर खुब्याच्या बाजूचे स्नायू कमजोर आहेत असं समजा. आरशासमोर केलं की लगेच कळतं. १७ इंचांवरून उठताच येत नसेल तर खुर्चीवर घडी घातलेली सतरंजी टाकून तीन-चार इंच उंची वाढवा आणि आठवड्यागणिक एकेक घडी काढा. आठ ते दहा वेळा, असे तीन फेरे, मध्ये मिनिटभर थांबून.

गुडघा सुजलेला असेल, उठबस झेपत नसेल, तर त्याआधीची पायरी: पाय पसरून बसा, गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी, पंजा स्वतःकडे ओढून गुडघ्याने गुंडाळी खाली दाबा. पाच सेकंद धरा, दहा-पंधरा वेळा. श्वास रोखायचा नाही. विशेषतः रक्तदाब असलेल्यांनी मोठ्याने आकडे मोजावेत, म्हणजे श्वास आपोआप चालू राहतो.

हे जमलं की खुर्चीत बसून घोट्याला वजन बांधून गुडघा सरळ करायचा. सर्जिकलच्या दुकानात वाळूच्या पट्ट्या मिळतात. नसेल तर अर्ध्या किलोची मिठाची पिशवी जुन्या मोज्यात घालून बांधा. दहा वेळा सहज व्हायला लागलं की वजन अर्ध्या किलोने वाढवा. गुडघ्याच्या वाटीखाली कचकन दुखलं तर वजन काढून करा.

खुब्यासाठी दोन व्यायाम मी कधीच गाळत नाही. पहिला, कुशीवर झोपून वरचा पाय उचलणं. दिसायला सोपा, आणि दहातले आठ जण चुकीचा करतात. शरीर मागे कलंडतं, पंजा छताकडे वळतो आणि काम बाजूच्या स्नायूऐवजी पुढचा स्नायू करतो. उपाय म्हणजे पाठ आणि टाच भिंतीला लावून झोपा आणि टाच भिंतीवर घासत वर न्या. फूटभर उचललं तरी पुरे. दुसरा, उताणं झोपून गुडघे वाकवून कंबर उचलणं. वर पाच सेकंद. मांडीच्या मागे गोळा येत असेल तर पावलं जवळ ओढा, मग जोर नितंबांवर येतो.

गुडघा पूर्ण सरळ होतोय का, हे बघणंही तितकंच महत्त्वाचं. पाच-दहा अंश वाकलेलाच राहणारा गुडघा चालताना मांडीला सतत कामाला लावतो आणि माणूस लवकर थकतो. बरं वाटतं म्हणून रात्री गुडघ्याखाली उशी घेऊन झोपण्याची सवय हेच घडवते. उशी काढा. त्याऐवजी दिवसातून दोनदा टाचेखाली टॉवेलची घडी ठेवून गुडघा खाली अधांतरी सोडा, पाच मिनिटं.

व्यायाम करताना दुखेल. किती चालेल? शून्य ते दहाच्या मापावर पाचपर्यंत दुखणं चालतं, पण ते दुसऱ्या दिवशी त्याच वेळेपर्यंत आधीच्या पातळीवर आलं पाहिजे. नाही आलं, तर पुढच्या वेळी संख्या निम्मी करा. व्यायाम बंद करायचा नाही, फक्त मात्रा कमी करायची. ऑस्टिओआर्थरायटिससाठी डेन्मार्कमध्ये २०१३ पासून चालणाऱ्या ‘ग्लॅड’ कार्यक्रमात हेच माप वापरतात आणि ते घरीही उत्तम चालतं. कटकट आवाज येतो म्हणून घाबरणारे खूप. दुखत नसेल तर आवाजाकडे लक्ष देण्याचं कारण नाही.

चालण्याचं म्हणाल तर दहा हजार पावलांचं खूळ डोक्यातून काढा. गुडघ्याच्या अभ्यासात दिवसाला सहा हजारांच्या आसपास चालणाऱ्यांची हालचाल पुढची काही वर्षं टिकून राहिलेली दिसते. दहा मिनिटं सकाळी, दहा संध्याकाळी, सपाट रस्त्यावर, आणि दर आठवड्याला दोन-दोन मिनिटं वाढवत न्या. जिममधली किंवा घरची सायकल चांगली, मात्र सीट पुरेशी उंच हवी. पॅडल सर्वांत खाली असताना गुडघा किंचितच वाकलेला राहिला पाहिजे. सीट खाली ठेवली की वाटीवर नाहक दाब येतो आणि लोक सायकलला दोष देतात.

घरातलं आणि शेतातलं

उकिडवं बसण्यात वाटीच्या मागचा दाब खूप वाढतो. ज्यांचा गुडघा दुखत नाही त्यांनी ते सोडायचं कारण नाही. दुखणाऱ्यांनी मात्र काही बदल करावेत. भारतीय संडासावर ठेवायची कमोड खुर्ची मिळते, तिचे चारही पाय रबरी आहेत ना आणि ओल्या फरशीवर सरकत नाहीत ना हे बसून बघा. खुब्याचा त्रास असेल तर पाश्चात्त्य कमोडही बुटका पडतो, त्यावर तीन-चार इंचांची वाढीव सीट लावावी. सोफे बहुतेक घरांत फार खोल आणि फार खाली असतात. दुखऱ्या माणसाची जागा सोफ्यावर नसावी, हाताच्या खुर्चीत असावी. जमिनीवर बसायचंच असेल, पूजा किंवा पंगत असेल, तर आठ-दहा इंचांचं स्टूल. मांडी घालणं वाईट नाही. तासभर न हलता बसणं आणि मग झटक्यात उठणं वाईट.

खुरपणी आणि भातलावणी करणाऱ्या बायकांना हे सगळं शहरी वाटेल हे मान्य आहे. गुडघे टेकून आणि उकिडवं बसून वर्षानुवर्षं काम करणाऱ्यांत गुडघ्याची झीज जास्त आढळते. खुरपताना बुटकं स्टूल वापरणं, लांब दांड्याचं खुरपं घेणं आणि दर वीस मिनिटांनी उभं राहून पाय झटकणं एवढं तरी करता येतं.

काठी. हिच्याइतकं स्वस्त आणि हिच्याइतकं टाळलं जाणारं साधन दुसरं नाही. काठी दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात धरायची, आणि काठी व दुखरा पाय एकाच वेळी पुढे. त्याच बाजूच्या हातात धरलेली काठी शरीर नको त्या बाजूला झुकवते आणि उपयोग निम्म्यावर येतो. उंची ठरवताना चप्पल घालून ताठ उभं राहा, हात सैल सोडा. काठीची मूठ मनगटाच्या सुरकुतीला यावी. मूठ धरल्यावर कोपर किंचित वाकलेलं राहतं. बुडाचं रबर गुळगुळीत झालं की बदला, स्वस्तातल्या रबरावर माकडहाड मोडण्यात शहाणपण नाही. जिन्यात: चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा पाय आणि काठी आधी.

नी कॅपने ऊब आणि धीर मिळतो, झीज थांबत नाही. रात्री काढून ठेवा. काढल्यावर कातडीवर खोल वळ राहत असेल तर माप लहान आहे. सूज असेल तर बर्फ टॉवेलात गुंडाळून पंधरा मिनिटं, आखडलं असेल तर गरम पिशवी. सुजलेल्या, गरम गुडघ्यावर शेक देऊ नका. तेल लावायला हरकत नाही, बरं वाटतं. पण कूर्चेपर्यंत कोणतंही तेल पोचत नाही.

गोळ्या, जेल, पुड्या

गुडघ्यासाठी पहिलं औषध गोळी नसून डायक्लोफेनॅक जेल असावं. गुडघा त्वचेच्या जवळ असल्याने ते तिथवर पोचतं आणि रक्तात फार थोडं जातं. चुकतं ते प्रमाणात. लोक बोटभर लावतात आणि ‘काही होत नाही’ म्हणतात. १ टक्का जेलची एका गुडघ्याची मात्रा एका वेळी ४ ग्रॅम, दिवसातून चार वेळा. म्हणजे ३० ग्रॅमची ट्यूब दोन दिवसही पुरत नाही. लावल्यावर घट्ट पट्टी किंवा गरम पिशवी नको. खुब्यासाठी जेल वाया. सांधा फार खोल आहे.

पोटात घ्यायच्या सूजरोधक गोळ्यांनी, आयब्युप्रोफेन, अ‍ॅसिक्लोफेनॅक, डायक्लोफेनॅक वगैरेंनी, आराम पडतो. त्या कमीत कमी मात्रेत, कमीत कमी दिवस आणि पोटाच्या संरक्षणाच्या गोळीसोबत. धोका कुठे आहे ते नीट बघा. ब्लडप्रेशरसाठी अनेकांना टेल्मिसार्टन आणि हायड्रोक्लोरोथायझाइड एकाच गोळीत दिलेलं असतं. त्यावर मेडिकलमधून आणलेली अ‍ॅसिक्लोफेनॅकची गोळी रोज पडली, आणि उन्हाळ्यात पाणी कमी प्यायलं गेलं किंवा जुलाब झाले, तर किडनी काही दिवसांत बसू शकते. ही तीन औषधं एकत्र येणं हा नेहमीचाच अपघात आहे. बीपी, हृदयविकार, किडनी, अल्सर यांपैकी काही असेल तर डॉक्टरांना सगळ्या पट्ट्या दाखवल्याशिवाय ही गोळी घेऊ नका. पॅरासिटामॉलचा फायदा फार थोडा, आणि बाजारातल्या जोडगोळ्यांत ते आधीच असतं, त्यामुळे वरून वेगळं घेतलं तर मात्रा नकळत दुप्पट होते.

‘जडीबुटी’च्या म्हणून विकल्या जाणाऱ्या बिनलेबलच्या पुड्यांपासून सावध. दोन दिवसांत जादूसारखा आराम, आठवड्यांत चेहरा गोल, साखर वाढलेली, हे दिसलं तर आत स्टेरॉइड मिसळलेलं असण्याची दाट शक्यता. अशी पुडी महिनोन्‌महिने घेतली असेल तर एकदम बंदही करू नका. शरीर स्वतःचं स्टेरॉइड बनवणं थांबवून बसलेलं असतं. फिजिशियनकडे जाऊन हळूहळू सोडवावं लागतं.

कूर्चेसाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या ग्लुकोसामाइनवर दरमहा खर्च करणाऱ्यांना माझं सांगणं: ते पैसे फिजिओथेरपीला द्या. अमेरिकन र्‍हुमॅटॉलॉजी संघटनेने २०१९ च्या सूचनांत त्याच्या विरोधात स्पष्ट मत दिलंय. ड जीवनसत्त्व कमी असेल तर भरून काढावं, पण त्याने झीज भरत नाही. कॅल्शियम हाडासाठी, कूर्चेसाठी नव्हे.

इंजेक्शनांत स्टेरॉइडचं काम प्रामाणिक आहे: सूज असलेल्या गुडघ्याला काही आठवडे उसंत, तेवढ्यात व्यायाम सुरू करून घ्यायचा. दर तीन महिन्यांनी घेत राहायचं नाही. २०१७ च्या एका अमेरिकी चाचणीत दोन वर्षं असं दिल्यावर वेदनेत सलाइनच्या, म्हणजे नुसत्या खाऱ्या पाण्याच्या, इंजेक्शनपेक्षा फरक पडला नाही, उलट कूर्चा जास्त पातळ झाली. मधुमेह असेल तर इंजेक्शननंतर काही दिवस साखर चढते, मोजत राहा. ‘वंगणा’चं इंजेक्शन म्हणजे हायल्युरॉनिक अ‍ॅसिड. फायदा जेमतेम, किंमत भरपूर. स्वतःच्या रक्तातून काढलेलं पीआरपी, म्हणजे प्लेटलेट जास्त असलेला रक्ताचा भाग, सध्या जोरात विकलं जातं. २०२१ मध्ये ऑस्ट्रेलियात २८८ जणांवर झालेल्या चाचणीत वर्षभरानंतर ते खाऱ्या पाण्याच्या इंजेक्शनपेक्षा सरस ठरलं नाही.

ऑपरेशन

दुर्बिणीतून गुडघा ‘धुऊन’ घेण्यात अर्थ नाही. २००२ मध्ये ह्यूस्टनला १८० जणांवर झालेल्या अभ्यासात काहींना फक्त कातडीवर चिरे देऊन शिवलं होतं, आणि तेही धुतलेल्यांइतकेच बरे झाले. वय कमी, पाय बाहेरच्या बाजूने धनुष्यासारखा वाकलेला आणि झीज फक्त आतल्या कप्प्यात असेल, तर नडगीचं हाड कापून पायाची रेषा सरळ करण्याचा पर्याय सर्जनला जरूर विचारा. त्यात स्वतःचा सांधा टिकतो.

गुडघा बदलण्यात ‘वाट्या बदलतात’ असं बोललं जातं. प्रत्यक्षात हाडांच्या टोकांचा आठ-दहा मिलिमीटरचा थर काढून धातूचं आवरण चढवतात आणि मध्ये प्लास्टिक बसवतात. वेळ आली हे कसं ओळखायचं? रात्रीची झोप मोडते, चालणं घराबाहेर जात नाही, तीन महिने नीट व्यायाम आणि वजनाचा प्रयत्न झालाय आणि एक्स-रेही तसाच बोलतोय, असं सगळं जुळलं तर. डेन्मार्कमधल्या २०१५ च्या चाचणीत १०० जण होते, सगळे गुडघा बदलण्याच्या यादीत बसणारे. ऑपरेशन झालेल्यांना जास्त आराम पडला, गुंतागुंतही त्यांच्यातच जास्त झाली, आणि फक्त व्यायाम, आहार वगैरे दिलेल्या ५० पैकी वर्षभरात १३ जणांनीच ऑपरेशन करून घेतलं. खुब्याचं मात्र फार लांबवू नये. खुबा बदलल्याचे निकाल गुडघ्यापेक्षाही समाधानकारक असतात. गुडघा बदलल्यावर साधारण पाचातल्या एकाला काही ना काही दुखणं राहतं, खुब्यात हे प्रमाण जवळपास निम्मं. टिकाऊपणा दोन्हींचा चांगला: सांधे बदललेल्यांच्या मोठ्या नोंदवह्यांनुसार बदललेल्या गुडघ्यांपैकी सुमारे ८२ टक्के २५ वर्षांनंतरही चालू असतात.

भारतात ऑगस्ट २०१७ पासून गुडघ्याच्या इम्प्लांटच्या, म्हणजे बसवायच्या कृत्रिम सांध्याच्या, किमतीवर सरकारी कमाल मर्यादा आहे. त्या वेळी नेहमीच्या कोबाल्ट-क्रोमियम सांध्यासाठी ती कर सोडून ५४,७२० रुपये ठरली. मर्यादा फक्त इम्प्लांटला आहे, खोलीभाडं आणि सर्जनच्या फीला नाही, त्यामुळे बिलात इम्प्लांटची ओळ वेगळी मागा आणि त्यावरचे स्टिकर फाइलमध्ये लावून घ्या. जास्त वाकतो म्हणून जास्त पैशांत विकल्या जाणाऱ्या ‘हाय फ्लेक्स’ सांध्याने मांडी घालता येईलच असं गृहीत धरू नका. ऑपरेशननंतर गुडघा किती वाकणार हे मुख्यतः आधी किती वाकत होता यावर ठरतं.

ऑपरेशनआधी साखर आटोक्यात हवी, किडके दात आणि पायाच्या बोटांमधल्या चिखल्या बऱ्या करून घ्यायच्या, आणि गुडघ्यात स्टेरॉइडचं इंजेक्शन घेतलं असेल तर तीन महिने जाऊ द्यायचे, कारण संसर्गाचा धोका. व्यायामही आधीपासूनच सुरू करा. मजबूत मांडी घेऊन टेबलावर गेलेला माणूस लवकर चालतो. ऑपरेशननंतर चालणं त्याच किंवा दुसऱ्या दिवशी सुरू होतं. पहिल्या दोन आठवड्यांचं लक्ष्य म्हणजे गुडघा पूर्ण सरळ आणि निदान ९० अंश वाकलेला. सगळे वाकण्याच्या मागे लागतात आणि सरळ होणं विसरतात, मग सहा आठवड्यांनी लंगडत पुन्हा फिजिओथेरपिस्टकडे येतात. खुबा मागच्या बाजूने उघडून बदलला असेल तर सर्जन मोकळीक देईपर्यंत बुटक्या खुर्चीत बसणं, पायावर पाय टाकणं आणि वाकून चप्पल चढवणं टाळायचं. त्यासाठी लांब दांड्याचा शू हॉर्न आधीच आणून ठेवा.